दोनशे बारा थाळ्या

तेवीस तारीख. मंडपवाला म्हणतो, खुर्च्या उद्या.
उद्या म्हणजे किती वाजता, ते सांगत नाही.
जनरेटरचं डिझेल, बुंदीची साखर,
तरुण संघाचा तारा: बांबू बांधून उभे,
कागद अजून नवापूरच्या बाजारात.
आणि मेंढपाळ होणार त्या तिन्ही पोरांना
एकाच दिवशी ताप.

महिनाभर मी देवाशी बोलले नाही.
बोलले ते आचाऱ्याशी, किराणावाल्याशी.
रात्री डोळे मिटले की पापण्यांआड
प्रीतिभोजनाचं मटण:
माणशी दीडशे ग्रॅम, हाडांसकट.

कोठीची किल्ली माझ्या कमरेला,
म्हणून थाळ्याही माझ्याच.
बोअरच्या पाण्यात बोटं वळत नाहीत.
रंगावलीकडून वारा येतो तुरीच्या शेतावरून,
राखेचा हात नाकाला लागतो.

एक. दोन. तीन.
काठावर ठिपक्याठिपक्यांची नावं.
ख्रिस्तवासी दानिएल दित्या वळवी यांच्या स्मरणार्थ.
(दित्या रविवारी जन्मला होता.
तेव्हा त्या घरात कुणी रविवार पाळत नव्हतं.)
एस्तेरबाई नर्स, पाच नग.
रिबका सायलस गा,
इथे भांडेवाल्याची वीज गेली
आणि गावित अर्धवट राहिल्या, त्या राहिल्याच.
एकीवर अशा गावाचं नाव
ज्याच्यावर आता धरणाचं पाणी आहे.
तीमथ्य आणि मनश्शे, सख्खे भाऊ,
बांधावरून एकवीस वर्षं अबोला,
त्यांच्या थाळ्या एकीत एक अशा रुतल्या
की कढत पाणी ओतावं लागलं.

नव्वदीच्या आसपास कधीतरी
मी आकडे सोडून नावंच म्हणू लागले. मोठ्यानं.
प्रीसिला धुता धुता थांबली.
मग पुसता पुसता तीही म्हणू लागली.

दोनशे अकरा.
पुन्हा मोजल्या. पुन्हा सगळी नावं.
दोनशे अकरा.
तिसऱ्यांदा मोजल्या, तेव्हा दिवे लागले होते
आणि पोरं कागद घेऊन आली होती,
लाल संपला म्हणे, सगळा पिवळाच.

कुठली थाळी नाही
ते मला पहिल्या मोजणीतच कळलं होतं.
प्रीसिलाला सांगितलं नाही.
तिच्यावर नाव नाही, नुसती तारीख आहे.
भांडेवाल्यानं विचारलं होतं, नाव काय घालू?
आम्ही अजून ठरवलं नव्हतं.
ठरवायला नऊ दिवस असतात असं वाटलं होतं.
त्यानं तारखेचे पैसे घेतले नाहीत.

जेवणवेळेला कमलबाई आली, साक्रीकडची,
पदराखाली काहीतरी धरून, ओशाळी.
"कोंबड्यास्ना पाणीले ठेयेल व्हती व बहीन,
ध्यानमाच नही राह्यनं."
काठाला शेवाळ, तळाला एक पीस.

मला राग यायला हवा होता.
मी उकिडवी बसले, घासत राहिले,
आणि मनात एवढंच आलं
की वर्षभर रोज सकाळी
हिच्याजवळ कुणीतरी तहानलेलं येत होतं.

दोनशे बारा.
कोठीला कुलूप घातलं.
तारा वर चढला होता, पिवळा, जरा तिरका.
बल्ब लागत नव्हता, शांतवन वायर हलवत होता.

उद्या कांदा चिरायच्या आधी
पाळकसाहेब नेहमीसारखं विचारतील,
प्रार्थना झाली का बायांनो?
मी सांगीन, तीनदा.
आणि खुर्च्यांचं विचारीन.