त्रेचाळीस नंबर

तालमीचा कट्टा उतरवायला घेतला त्या दिवशी
एक पोरगा आला पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन
आणि दगडादगडावर आकडा घालत गेला.
आम्ही समोरच्या पायरीवर बसून मोजत होतो.
एकोणसत्तर.
पन्नास वर्षं बुडाखाली होते,
कुणी मोजले नव्हते.

मग रोजचंच झालं.
दूध तापवून मी खाली जातो,
तर दस्तगीर मुल्लाणी आधीच हजर.
पाणीपुरवठ्यात तीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवलेला माणूस,
खुदाई कुठंही असो, वाकून बघणारच.
"हितनं दोन इंची लाइन गेलीय, बेतानं मारा."
कोण ऐकतंय.
तिसऱ्या दिवशी गल्लीत कारंजं.
दस्तगीर एक शब्द बोलला नाही,
घरी जाऊन स्वतःचा पाना घेऊन आला.

पुण्याच्या मॅडमनी बोनेटवर नकाशा पसरला.
नकाशात आमची गल्ली,
गल्लीत पोपटी झाडं, करडी माणसं,
सगळी सडपातळ,
एकाच्याही हातात भाजीची पिशवी नाही.
"ह्यात मी कुठं राहतो?" मी विचारलं.
मॅडम माझ्या पदराकडं बघतात, मग तोंडाकडं.
अहो, आमच्यात बाई पण येतो, जातो, राहतो.
विशेष करून राहतो.

ज्ञानू सातपुते तेवढा राहिला नाही.
कोपऱ्याला सहा बाय चारचं दुकान,
आत विंचू घातलेली चप्पल,
माणूस वळणावर असतानाच कळायचं कोण येतंय.
मालकाला तिप्पट भाडं देणारा भेटला.
आता तिथं कॉफी मिळते,
भिंतीवर फ्रेममध्ये एक चप्पल, डाव्या पायाची.
रापी, आरी, ऐरण पोत्यात घालून
ज्ञानू पाचगावला लेकीकडं गेला.

रात्री साडेआठला त्याचा फोन.
"आज काय झालं?"
मी सांगतो. गटारीवर फरशी पडली.
दिव्याचे खांब आले, जुन्यासारखे नवे.
तालमीची भिंत खरवडली तर आत निळा निघाला,
निळ्याच्या आत गेरू.
"व्हय, गेरू आमच्या बाच्या वेळचा."
आणि ठेवता ठेवता, सहज विचारल्यागत,
"त्रेचाळीस?"

त्रेचाळीसवर वाघबकरीचा पट.
ज्ञानूनंच कोरलेला, बाराव्या वर्षी,
पाथरवटाची छिन्नी पळवून.
एक रेघ चुकली, बकरीला एक वाट जास्त झाली.
आमच्या गल्लीत वाघ सहसा हरायचा.

दगड परतले फाल्गुनात, ट्रॅक्टरमधनं,
घासूनपुसून, अनोळखी.
अठ्ठावीसच्या जागी एकसष्ट बसवला.
दस्तगीरनं वही काढून वाचून दाखवलं.
मुकादम म्हणाला, "मावशी, दगडाला काय कळतंय,
शेजारी कोण बसलाय ते."
आम्ही आकडे मोजले. अडुसष्ट.
दोनदा मोजले.
त्या रात्री फोनवर मी दिव्यांचंच सांगत बसलो.

उद्घाटनाला झेंडूच्या माळा, फीत, कात्री,
फोटोत आम्ही कडेला, अर्धे अर्धे.
गर्दी पांगल्यावर करकर ऐकू आली.
ज्ञानूनं कॉफीकडं मान वळवली नाही.
सरळ कट्ट्याशी आला, गुडघे मोडून बसला,
वीतभर पुढं आलेल्या दगडांखाली
हात घालून सरकत गेला,
अंधारात बटण शोधावं तसा.
थांबला.
"हाय की. पालथा घातलाय येड्यांनी."

दस्तगीर पहार आणायला निघाला.
"ऱ्हाऊ दे," ज्ञानू म्हणाला,
"वर असता तर काच बसवली असती."
आणि बसला त्याच्यावर, शेवटची बस निघेपर्यंत.

फोन अजून येतो. साडेआठ म्हणजे साडेआठ.
मी कट्ट्यावरनंच बोलतो आता,
एक हात कानाशी,
एक पदराआड, दगडाखाली.
ती जास्तीची वाट बोटाला लागते.