दोन पांढरे

रुवीच्या दुकानात तेवीस वर्षं
मी पांढरा रंग कालवतो.
लोकांना वाटतं, पांढरा म्हणजे पांढरा.
मस्कतच्या भिंतींना विचारा:
सायीचा, वाळूतला, शिंपल्याच्या पोटातला,
आणि एक, ज्याला आम्ही दुकानात नुसतंच 'म्हातारा' म्हणतो.
मशीन आलं, तरी शेवटचा थेंब माझाच.
"विश्रामचा डोळा," शेठ गिऱ्हाइकाला सांगायचा,
जणू डोळाही दुकानाच्या सामानात.

मार्चमध्ये उजव्यातलं भिंग बदललं.
पट्टी निघाली
आणि माझा शर्ट पांढरा निघाला.
इतका, की निळाच.
डावा मिटला की दवाखाना बर्फाचा,
उजवा मिटला की सगळ्यावर चहा सांडलेला.
दोन्ही उघडे ठेवून
साक्ष कुणाची घ्यायची?

ऑगस्टात त्या भिंगामागं साय धरली.
डॉक्टर बिन्सींनी लेझरनं तिला भोक पाडलं.
लाल ठिपका, टक, टक, दुखलं काहीच नाही.
तेव्हापासून एक चिलट माझ्यासोबत राहतं.
बोलता बोलता मी त्याला हाकलतो,
समोरच्याला वाटतं, त्यालाच चालता हो म्हणतोय.
आणि उजव्या कडेला काळी कोर, नखाएवढी:
कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखी.
वळलो की कुणी नाही.
"सवय होईल," त्या म्हणाल्या, "मेंदू शिकतो हळूहळू."
माझा मेंदू दहावी नापास आहे, डॉक्टर.

बाकावर शेजारी नाझीर मुकादम, बाणकोटचा,
पाण्याचा टँकर चालवतो.
आवाज खाली, कंपनीपर्यंत जायला नको म्हणून:
"समोरनं गाडी आली का दिव्याला जाळं फुटतं, कोळ्याचं.
मी टँकर त्या जाळ्यातनं काढतो. बिस्मिल्ला म्हणून."
पलीकडे मारिबेल, दुसऱ्यांची मुलं सांभाळणारी,
बोटानं हवेत कडी काढते: एक, दोन, तीन,
प्रत्येक दिव्याभोवती.
पहिले चार दिवस सुंदर वाटली म्हणे.
तिघांच्या कागदांवर एकच शेरा: दृष्टी उत्तम.
आम्ही तक्त्यावरची खालची ओळ धडाधडा वाचली होती,
मग कुरकुरायचं कुठल्या तोंडानं?

त्या संध्याकाळी मत्रहच्या मागच्या गल्ल्यांतून चाललो,
डावा डोळा तळव्यानं झाकून.
माझ्या भिंती निळसर होत्या.
जुन्या कमी. नंतरच्या जास्त. गेल्या वर्षीची मशिदीमागची तर
नीळ जास्त पडलेल्या धोतरासारखी.
डोळ्यात पिवळं साचत गेलं,
आणि मी स्वच्छ पांढऱ्याच्या हट्टानं
दर वर्षी एक थेंब वाढवत गेलो.
तक्रार कुणीच केली नाही.
एका गच्चीत कपडे वाळत होते, आतून मटणाचा वास,
एक पोर त्याच भिंतीला चेंडू मारत होतं.

परवा उम्म सालिम आल्या, सीबहून.
मुलाचं लग्न, वरती एक खोली वाढवलीय,
"रंग तोच हवा, उस्ताद. सात वर्षांपूर्वीचा."
पोपडा आणला होता रुमालात बांधून.
मशीननं आकडा दिला. त्यांनी ओला ठिपका पाहिला,
मान हलवली: नाही.
मग मी नवा डोळा मिटला.
जुन्यानं कालवलं,
मनातल्या मनात सात वर्षांची नीळ वजा करत,
आणि काठीवरचा थेंब पोपड्यावर ठेवला.
दिसेनासा झाला.
"हाच," त्या म्हणाल्या, आणि किंमत न विचारता
दोन बादल्या सांगितल्या.

डाव्याची तारीख मंगळवारची होती.
मी फोन करून म्हटलं, रमजाननंतर बघू.
पलीकडची मुलगी म्हणाली, "पण अंकल, त्यानं तुम्हाला नीट दिसत नाही ना?"

काउंटरखाली मी एक डबी ठेवलीय, झाकणावर लिहिलंय: डावा.
झाकण लावताना उजवीकडं कुणीतरी येऊन उभं राहिलं.
या वेळी मी वळलो नाही.
खरंच गिऱ्हाईक होतं.