खातं : गळती

नर्मदा आमच्याकडे वाहत येत नाही.
तिला चढवावं लागतं.
जलूदहून घाट चढत, पंपापंपाशी दम खात
ती येते एक दिवसाआड,
पहाटे पाचला, पाऊण तास,
आणि तिच्या चढणीची वीज
आमच्या बिलात उतरते.

मी जुनी इंदुरातल्या एका शाळेची हिशोबनीस.
खडूंचा खर्च मला तोंडपाठ आहे,
फिनाइलचा, पंख्यांचा, पंधरा ऑगस्टच्या लाडवांचा.
पाण्याचा पाठ होत नाही.
गेल्या एप्रिलात टँकर सहाशेचा होता,
या एप्रिलात साडेनऊशेचा,
वर सत्तू यादव पावती फाडताना म्हणतो,
बाईजी, अभी तो मई बाकी है.

समितीची बैठक झाली. चहा झाला, कप विसळले गेले,
मग खासगीवाले म्हणाले,
मुलांनी घरून बाटल्या आणाव्यात.
निगुडकर बाई म्हणाल्या, आणि संडासात काय न्यायचं?
कोणी हसलं नाही.
कोणी म्हणालं, वरच्या मजल्याचे नळ बंद करा.
कोणी म्हणालं, फीमध्येच टाका ना,
जलशुल्क, महिना चाळीस.
मी इतिवृत्तात सगळं उतरवलं,
चाळीसचा आकडा जरा बारीक अक्षरात.

रविवारी शाळेत गेले. टाकीखालचं मीटर बघायला.
चारशे बारा मुलं आपापल्या घरी
आणि काटा फिरत होता.
गेंदालालनं भिंतीला कान लावला,
खरखरत्या रेडिओला लावावा तसा,
मग बोट वर केलं : इकडे.
मुलींच्या संडासातली टाकी, झिजलेला वायसर,
अठरा रुपये.
तो बदलला.
काटा मंदावला. थांबला नाही.

मागच्या भिंतीशी, जिथे मोडकी बाकं रचून ठेवली आहेत,
तिथे जोडातून निघालेली एक काळी नळी
विटेखालून पलीकडे जाते, नाल्याकाठच्या वस्तीत.
मी बाकावर चढून बघितलं.
नळीचं तोंड लाल रिबिनीनं आवळलेलं,
आमचीच रिबीन. मीच आणते, पंचावन्न रुपये डझन.
खाली हंडे, तेलाचे डबे, एक कुंडी,
सगळं नंबरात, माणूस एकही नाही.
तारेवर निळा स्कर्ट वाळत होता,
प्लेटा हातानं नीट बसवलेल्या.

गेंदालाल आभाळाकडे बघत होता.
नोकरीला वीस वर्षं झाली की माणसाला
कुठे बघायचं ते कळतं.
ब्लेड त्याच्या हातात होतं.
काट दूँ?

मी हिशोब केला. मला दुसरं काय येतं?
करंगळीएवढी धार, दिवसाचे इतके तास,
महिन्याला साधारण तीन टँकर.
दोन हजार आठशे पन्नास.
म्हणजे एकाहत्तर मुलांचे चाळीस चाळीस रुपये.
त्या एकाहत्तरांत
या तारेवरचे स्कर्ट किती, हे मात्र
मला काढता येईना.

म्हटलं, काटू नको. तोटी बसव.
कुणाला?
त्याला. पलीकडच्या टोकाला. भरलं की बंद होईल अशी.
तो थोडा वेळ थांबला,
मग ब्लेड कागदात गुंडाळून खिशात ठेवलं
आणि पैसे मागितले. पस्तीस.
पस्तीस मी पर्समधून दिले,
ते कुठल्या खात्यात बसले नसते.

संध्याकाळी वही उघडली.
गळती, दुरुस्त : एक. वायसर, अठरा रुपये.
गळती, शिल्लक :
इथे पेन थांबलं, शाईचा एक ठिपका पडला,
तो तसाच राहू दिला.
जूनमध्ये ऑडिटर येईल, त्यावर बोट ठेवेल.
त्याला द्यायचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

सोमवारी प्रार्थनेच्या वेळी
मुली रांगेत उभ्या होत्या, पाठमोऱ्या.
मी त्यांच्या वेण्यांकडे बघितलं नाही.