शिमोबाशिरा

हिदाकात थंडीच्या पहाटे पाय टाकला की जमीन कुरकुरते.
मातीतलं पाणी रात्रीत गोठून
सुयांसारखं उभं राहतं, डोक्यावर ढेकळं तोलून.
त्याला इकडे शिमोबाशिरा म्हणतात, दंवाचे खांब.
अशाच एका मार्चमध्ये ती जन्मली
आणि कानेयोशींना दुसरं नाव सुचलं नाही.

चौदा शर्यती, नऊ पहिल्या.
मी त्या रेडिओवर ऐकल्या, हातात लिदीचं फावडं.
क्योतोला शेवटच्या वळणावर ती सहावी होती,
निवेदक तिचं नावच घेईना.
मग एकदम तेवढंच घेत राहिला, घसा बसेपर्यंत.
जॉकी आत्सुता नंतर म्हणाला, मी काही केलं नाही हो,
तिला शेजारी कुणी खपत नाही, एवढंच.

खरंच खपायचं नाही.
गव्हाणीवर मांजर बसलं तरी कान मागे.

सहाव्या वर्षी पुढच्या पायाची शीर दुखावली.
गळ्यात फुलं, एक फोटो, आणि घरी.
जे दोन मिनिटांत उरकायचं
त्याला आता अकरा महिने लागू लागले.

दर वसंतात आधी गोंताला आणायचो.
गोंता अर्धा नांगराच्या जातीचा,
घोट्यांवर केसांचे झुबके, तोंडाला वास.
फळीच्या पलीकडे उभं राहायचं,
ती माजावर आली का ते नाकाने सांगायचं,
लाथा खायच्या. एवढीच नोकरी.
तिने शेपूट बाजूला केली की त्याला मागे ओढायचं
आणि तिला ट्रकात चढवायचं,
नामांकित घोड्याकडे,
ज्याच्या एका भेटीच्या पैशांत
आमचं छप्पर दोनदा शाकारून झालं असतं.
गोंता मागे फळी चावत बसायचा.
फळी दर वर्षी बदलावी लागे.

दहा शिंगरं.
पहिलं मेलेलंच आलं.
दुसऱ्याचा लिलाव झाला तेव्हा कानेयोशींनी
अख्ख्या आळीला साके पाजली.
तिसरी मोन्बेत्सूच्या रात्रीच्या शर्यतींत
सतरा वेळा पळाली, सतरा वेळा कुणाच्या तरी मागे.
एक ओबिहिरोजवळच्या क्लबात
शाळकरी पोरींना पाठीवर घेऊन गोल फिरतो.
पोरी म्हणतात, फार गुणी आहे.
बाकीच्यांचं ठाऊक नाही. घोडी पत्र पाठवत नाहीत.

पेपरात छापून आलं: रक्त उतरलं नाही.
मी वहीत लिहिलं: दूध उतरलं, रात्री दोन दहा.

सप्टेंबरात शिंगरं तोडायची. ट्रक यायचा.
ती तीन दिवस कुंपणाशी, तीन रात्री हाका.
चौथ्या दिवशी गवताला तोंड लावायची.
असं नऊ वेळा.
मी मोजलं. ती मोजत होती का, माहीत नाही.

कानेयोशी गेले त्या वर्षी
फाटक कुणी उघडं टाकलं, ते मी सांगणार नाही.
अकरावं झालं. थाळीएवढे खूर, हे एवढं डोकं,
पायांना झुबके.
वंशावळीच्या कचेरीतले कुराहाशी आले,
चष्मा पुसून परत बघितलं,
म्हणाले, बाई, याला कागद नाही मिळणार.
म्हणजे शर्यत नाही, लिलाव नाही.
चहा मात्र दोन कप प्यायले.

परवा सप्टेंबर उजाडला.
खालच्या रस्त्याने कोंबू शेवाळ नेणारा ट्रक आला,
घाटावर गिअर बदलल्याचा तोच आवाज.
तिने मान वर केली.
शिंगराला आडवी झाली, फाटकाकडे पाठ करून,
एकवीस वर्षांची, गुडघे सुजलेले,
सगळं अंग ताठ, क्योतोच्या त्या वळणावर असावं तसं.

ट्रक गेला. धूर गेला.
समुद्राकडून शेवाळाचा खारट वास राहिला.

ती अजून तशीच उभी आहे.
आज तिसरा दिवस.
शिंगरू तिच्या पोटाखालून तोंड काढून
तिचंच गवत खातंय.
मी तिला सांगत नाही काही.
कसं सांगायचं?
बादली भरून ठेवते, आणि उद्याची वाट बघते,
चौथ्या दिवसाची.