सोऱ्याची चकती

गव्हाचा तिसरा दिवस.
पातेल्यावरचं ताट सरकवलं की
आंबूस वास जिन्यानं खाली जायचा
आणि तळमजल्यावरून बोराडेबाई विचारायच्या,
"उद्याच का गं, शालन?"

उद्याच. पण सोऱ्या घासताना
चकती तिच्या हातात आली ती दोन तुकड्यांनी.
पितळेची, मधे झिजून कागद झालेली,
तिच्या आईनं सिन्नरच्या बाजारात
घासाघीस करून घेतलेली.

शालन काही बोलली नाही.
तुकडे ओट्यावर जुळवून ठेवले
आणि थोडा वेळ बघत राहिली,
जसे काही ते चिकटणार होते.

मी सातपूरला लेथवर सव्वीस वर्षं.
म्हटलं, आण इकडे, हे तर माझं काम.
व्हर्नियर लावला. व्यास घेतला, जाडी घेतली,
एक भोक मोजलं : दीड एमएम.
एकूण एकोणीस.
दुपारच्या सुट्टीत भंगारातला पितळेचा तुकडा उचलला
कडलगसाहेबांना विचारूनच,
ते म्हणाले, "तळून आण मग."
फेस मारला, भोकं पाडली, कडा साफ केल्या,
शेवटी बफ.
चकती अशी झाली की
तपासणीवाल्यानंही दोनदा हातात घ्यावी.

पहाटे पाचला आधण ठेवलं.
"पाणी किती?"
"चिकाएवढं."
"आणि मीठ?"
"चिकाचं तोंड बघून."
मी लाटण्यानं घोटतोय, ती वरून धार सोडतेय,
"एकाच बाजूनं फिरवा, गुठळी झाली तर तुमची."
आधी दूध, मग खळ,
मग अचानक आतून उजेड यावा तसा
चीक पारदर्शक झाला.
खांद्यात कळ. झाकण. वाफ.
एक वाटी तेल घालून तिथेच उभ्यानं खाल्ली,
जीभ पोळली, तरी खाल्ली.

गच्चीवर जुनं नऊवारी, चार कोपऱ्यांना चार विटा.
पांडवलेण्याच्या डोंगरावर ऊन उतरेपर्यंत
सहा ओळी झाल्या.
एकासारखी एक. साच्यातून काढल्यासारख्या.
शालन म्हणाली, "छान झाल्यात."
एवढंच म्हणाली.

आखाजीला दुपारी चिंचवडहून कांचनचा फोन.
"आई, कुरडया कुठून विकत घेतल्या या?"
शालननं फोन स्पीकरवर टाकला.
"विकत कशाला? पप्पांनी घोटलाय चीक."
"मग जाड तार कुठेय?
प्रत्येक कुरडईत एक जाड तार असते आपल्या.
तिच्यावरून दादा नि मी मारामाऱ्या करायचो.
ती तळल्यावर मधे जरा कडक राहते ती."

शालन हसत सुटली, पदर तोंडाला लावून.
मग सांगितलं :
तिची आई एकदा, चीक अडकला म्हणून,
भोकात दाभण घालून बसली होती.
चकती वाया गेली म्हणून बाप ओरडला.
पुढची चाळीस वर्षं तीच चकती.

मी एकच भोक मोजलं होतं.
बाकीची तशीच असणार,
असं धरून चाललो होतो.

तुकडे तिनं टाकले नव्हतेच.
मोहरीच्या डब्याखालून काढून दिले.
चष्मा लावून शोधलं :
काठाकडून दुसरं, गोलही नाही,
एका अंगानं ओढल्यासारखं, अंड्यासारखं.
या मापाचा ड्रिल कुठल्याच कंपनीत मिळत नाही.

"दाभण दे," म्हटलं.
दाभण वाकलं. मग खिळा घेतला, मग हातोडी.
फरशीवर फडकं, फडक्यावर माझी ती चकाकती चकती.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
चांगला जॉब जाणूनबुजून बिघडवत होतो
आणि हात नव्या पोरासारखा भीत होता.

तीन ठोके झाले.
शालननं ती खिडकीशी नेली,
एक डोळा मिटून उजेडात धरली.
खालून बोराडेबाई ओरडल्या, "काय तोडताय रे?"

"अजून जरासं," शालन म्हणाली.
"नाही, तिकडे नाही. या अंगाला."