दोन बोटं माया

किबुये बाजारात, मितुम्बाच्या गठ्ठ्यांपलीकडे
माझं मशीन आहे. पायाचं. पट्टा दोनदा सांधलेला.
एकतीस जानेवाऱ्या मी शाळेचे गणवेश शिवले,
पण लेख कसा शिवतात ते
भाचीनं शिकवलं, बेरिलनं,
सायबरमध्ये, मिनिटाला एक शिलिंग मोजून.

विषय माझाच होता:
वाढत्या पोराचा गणवेश तीन वर्षं कसा पुरवावा.
बोलते तशी लिहीत गेले, एका बोटानं,
ताका घरंगळत जावा तशी.
सव्वा तासानं बेरिल वाकून बघते
आणि म्हणते, मावशी,
हा लेख नाही, ही चादर आहे.

मग तिनं बटणं दाखवली. ठळक. तिरपं. अधोरेखित.
मला ठळक आवडलं.
मी सगळंच ठळक केलं.
सगळेच ओरडले तर ऐकणार कोण, ती म्हणाली,
आणि मला ती नवरी आठवली
जिला बाहीलाही झालर हवी होती, गळ्यालाही, पाठीवरही.
तिला मी समजावलं होतं. मला कोण समजावणार?

मोठा मथळा, त्याखाली पोटमथळा, मग मजकूर.
हे लगेच कळलं.
कॉलर खिशाला लावत नाहीत.
तळटीप म्हणजे खालच्या काठाची शिलाई
असं मी मनाशी धरलं,
फार काही चुकलं नाही.

लेख पाठवला.
परत आला.
परिच्छेद लांब, चित्र नाही, एवढंच कारण.
तसं माझ्या हातचं परत येणं नवं नव्हे.
एकदा एका शाळेनं चाळीस सदरे परत धाडले,
काजं उलट्या बाजूला पडली म्हणून.
त्या रात्री मी ओमेना तळली, जेवले, झोपले.
ह्या वेळी मात्र बोडावर मागे बसून घरी येताना
डोळ्यांत धूळ गेली असं त्या पोराला सांगावं लागलं.
सदरे गिऱ्हाइकाच्या मापाचे होते.
वाक्यं माझ्याच अंगावरची.

दुसऱ्या दिवशी उसवायला बसले.
उसवणं मला येतं. घाई करायची नाही,
तिसरा टाका कापायचा, दोरा आपण होऊन सुटतो.
पण इथं कात्री चुकली
तर दोन बटणं दाबून कापड पुन्हा अखंड होतं!
मला खरं वाटेना.
दहा वेळा कापलं, दहा वेळा सांधलं.
शेजारी फुटबॉलवर पैसे लावणारा पोरगा हसला.
हसू दे.
माझ्या आयुष्यात कापलेलं कापड
आजवर एकदाही परत आलेलं नाही.

बेरिलनं माझ्या हाताचा फोटो घेतला,
नखाखाली निळा खडू तसाच.
चित्राखाली एक ओळ हवी, म्हणाली.
मी लिहिलं: शिवणीच्या आत दोन बोटं माया सोडावी.
ती ओळ तिनं ठळक केली नाही.
मीही नाही.

लेख लागला. वीज गेली. परत आली. लेख होता.
रात्रीपर्यंत अकराजणांनी उघडला,
त्यातले चार आम्हीच.

फक्त एक राहिलं.
शेवटच्या ओळीखाली मी कोरी जागा सोडली होती,
जरा दोन ओळी.
जतन करताना ते यंत्र ती कापून टाकतं.
पुन्हा सोडली, पुन्हा कापली.
रिकामी तर आहे, बेरिल म्हणाली, कशाला हवी?

हिचा शाळेचा झगा मी चारदा खाली सोडला.
जुन्या दुमडीची फिकट रेघ
दर वर्षी गुडघ्यावरून थोडी वर सरकायची,
आणि ही वाढायची.
आठवत नसेल तिला.

मी काही बोलले नाही.
त्या जागी एक टिंब दिलं,
त्याच्या खाली आणखी एक,
खडूनं खूण करतात तशी.

टिंबं राहिली.