झाकली मूठ

धायरीत, तिसऱ्या मजल्यावर,
फ्रिज आणि शिवणयंत्राच्या मधल्या जागेत
अच्युतने समुद्र आणून ठेवला
तेव्हा मी विचारलं, वीजबिल कोण भरणार?
त्याने स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं.

माझा धाकटा भाऊ. जन्मापासून ऐकू येत नाही.
भोसरीला लेथवर असतो.
आमच्या खुणा कुठल्या शाळेतल्या नाहीत.
कान ओढला की शेजारचे गुजर,
आणि पाच बोटं मिटून हळूच उघडली
की भूक, फूल, ‘दार उघड’, काहीही.
चेहरा बघून ठरवायचं.

कोंढव्याच्या शब्बीर तांबोळींकडून
त्याने पहिला तुकडा आणला, अंगठ्याच्या पेराएवढा,
दगडाला रबरबँडने बांधलेला.
दुसऱ्या दिवशी तुकड्याने हात काढले,
आठ आठ बोटांचे, बोटांनाही झालर,
मिटत, उघडत, मिटत, उघडत,
कुणी न ढकलता.
अच्युत खुर्ची ओढून बसला तो जेवायला उठेना.
त्याच्या भाषेत बोलणारं
घरात आणखी कुणीतरी आलं होतं.

मी मीठ नव्याने शिकले.
चवीपुरतं, अंदाजे, हे शब्द इथे चालत नाहीत.
नळाचं पाणी चालत नाही, टँकरचं तर नाहीच.
एक थेंब काचेवर घेऊन उजेडाकडे धरायचा,
रेघ पस्तिसावर आली तर हसायचं.
एप्रिलात पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं,
म्हणून रोज सकाळी तांब्याभर गोडं पाणी,
तुळशीच्या आधी.

मग मी हौसेने चुकले.
दिवाळीला घर काढतात तशी टाकी काढली.
काच घासली, वाळू उपसली, आठवड्यात दोनदा पाणी बदललं.
पाणी असं, की आत पाणी आहे हेच कळू नये.
आणि सगळे हात आत गेले.
झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
इथे झाकली मूठ म्हणजे झोप गेली.
अच्युतने नाक मुरडून दाखवलं: घाण.
मग अंगठा नि तर्जनीत जरासं अंतर: एवढीशी.
राहू दे.
माशांनी केलेली घाण यांच्या अंगी लागते.
हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं,
फडकं हातात असताना.

गुरुवारी वीज जाते. त्या गुरुवारी रात्रीही आली नाही.
आमटीच्या पळीने आम्ही पाळीपाळीने पाणी हलवलं,
तो बारापर्यंत, मी पुढे.
वीज आल्यावर पंप सुरू झाला, नेहमीसारखा.
मी कान देऊन ऐकलं. ठीक होता.
अच्युतने तळवा काचेला लावला, भुवया आक्रसल्या,
पंप काढला,
पात्यात अडकलेलं शिंपल्याचं खापर
माझ्या हातावर ठेवलं.
लेथवर वीस वर्षं त्याने असंच ऐकलंय.

तरीही छत्रीसारखं जे मोठं, पिवळट, ते मिटलं ते मिटलंच.
अंगावर मेणचट पापुद्रा धरला.
मला ते गेल्यासारखं वाटलं, मी वास घेऊन पाहिला.
अच्युत म्हणे, कात टाकतंय, हात लावू नकोस.
फक्त पाण्याचा झोत थोडा त्याच्याकडे वळवला.
नऊ दिवस.
मी तेवढ्यात गुजरांच्या सुनेचे चार ब्लाउज शिवले,
एकाचा गळा चुकला.

दहाव्या रात्री खोलीत फक्त टाकीचा निळा उजेड.
पापुद्रा एका कडेने सुटून लोंबत होता
आणि खालून, तांदळाच्या कणीएवढे,
शेकडो पांढरे हात.
अच्युत आतून आला.
मी मूठ वर धरली आणि हळूच उघडली.

निळ्या उजेडात त्याला माझा चेहरा दिसला नसावा.
तो गेला आणि त्याने दार उघडलं.
बाहेर कुणी नव्हतं.
जिन्यातला दिवा कुणीतरी चालू ठेवून गेलं होतं.